रंग वॉशरखाली शोधा, नावाची घाई करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिस्टर या इंग्रज कंपनीचं जुनं डी टाइप, दीड अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन हाती आलंय. वरून कोणीतरी चंदेरी फासलंय, खपल्या उडाल्यात तिथं निळं दिसतं, त्याखाली तांबडं. एकजण म्हणतो बॉटल ग्रीन मारा, दुसरा म्हणतो मुळात लालच होतं. शिवाय पुतण्याला हॉपरवर (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीवर) ठळक अक्षरांत ‘सुलतान’ लिहायचंय. दोन्हींवर सांगतो, पण आधी एक विनंती. इंजिन अजून धुतलं नसेल तर धुऊ नका. निदान कॉस्टिक सोड्यानं तरी नकोच.

हे सांगतोय कारण मी नेमकं तेच केलं होतं. माझं पहिलं इंजिन. उत्साहाच्या भरात क्रँककेस (इंजिनाचा खालचा मुख्य सांगाडा) कॉस्टिक सोड्याच्या पिंपात रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी बाहेर काढला तर बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) खळग्यांत पिवळट-तपकिरी, मातकट थर राहिला होता. मला वाटलं, सापडला मूळ रंग! दोन दिवस खपून तसाच तपकिरी बनवून घेतला आणि तीन हात मारले. चार वर्षं ते तपकिरी इंजिन मी लोकांना अभिमानानं दाखवत होतो. मग एकदा पेट्रोलची टाकी गळायला लागली म्हणून तिचं ब्रॅकेट सोडवलं. ते मी सोड्यात घातलंच नव्हतं, नुसतं वरून रंगवलं होतं. वॉशर काढला तर त्याखाली रुपयाएवढी हिरवीगार चकती. त्यानंतर कितीतरी दिवस त्या इंजिनाकडे बघवत नव्हतं.

झालं होतं ते असं. त्या काळचा गडद हिरवा बहुतेक वेळा प्रशियन ब्लू ही निळी आणि क्रोम यलो ही पिवळी भुकटी एकत्र करून बनवायचे. प्रशियन ब्लूला सोड्यासारखी अल्कली अजिबात सोसत नाही. सोड्यात त्याचा निळेपणा मरतो आणि मागे लोखंडाचा तपकिरी गाळ उरतो. म्हणजे मी ‘शोधलेला’ रंग माझ्याच पिंपात तयार झाला होता. तेव्हा ग्रीस काढायला रॉकेल आणि मऊ ब्रश, बस्स.

आता शोधायचं कुठं? जिथं नंतरच्या रंगाऱ्याचा ब्रश पोचला नसेल तिथं. नेमप्लेटच्या मागे (पण रिव्हेट तोडून नव्हे; प्लेट ढिली असेल तरच), मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) बसतो ती जागा, टाकीच्या पट्टीखाली, वॉशरच्या खाली, फ्लायव्हीलच्या मागं क्रँककेसची बाजू. अशी जागा मिळाली की 600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच ठिकाणी हलक्या हातानं गोल गोल फिरवा, मग 1000 नंबर. नखाएवढा खड्डा करायचा, उतरत्या काठाचा. झाडाच्या खोडाची वर्तुळं दिसतात तसे थर एकाभोवती एक उघडतात. मधोमध बीड, मग प्रायमर, मग पहिला रंग, मग पुढच्या मालकांचे पराक्रम.

इथं दोन फसगती होतात. पहिली म्हणजे तुमचं ते तांबडं. बिडाला चिकटलेला सगळ्यात खालचा थर तांबडा असेल तर तो बहुधा रेड ऑक्साइडचा प्रायमर आहे, इंजिनाचा रंग नव्हे. ‘मुळात लालच होतं’ म्हणणारे बरेचजण प्रायमर पाहून बोलत असतात. ओळखायची खूण अशी की प्रायमर कोरडा, चमक नसलेला असतो. त्याच्यावर लगेच दुसरा थर चढवलेला असल्यानं दोघांच्या मधे मळ किंवा तेल अडकलेलं नसतं. याउलट दोन थरांच्या मधे काळपट रेघ दिसली, तर खालचा थर एके काळी उघड्यावर होता. तो खरा रंग. राखाडी, भुसभुशीत काही लागलं तर ती ओतकामाचा खडबडीतपणा झाकायला कारखान्यातच भरलेली लांबी (पुटी) असू शकते. तीही खरवडून टाकू नका.

दुसरी फसगत अळशीच्या तेलाची. जुन्या रंगात तेच माध्यम असायचं, आणि ते अंधारात पिवळं पडतं. वॉशरखालचा रंग पन्नास वर्षं अंधारात होता, म्हणून तो खऱ्यापेक्षा पिवळट दिसणार. निळा असेल तर हिरवट वाटेल. तो तुकडा काही दिवस खिडकीत भरपूर उजेडात ठेवा. पिवळेपणा बराच उतरतो. मगच रंगाशी रंग जुळवायला बसा.

आणि शिसं! क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट, आणि जुन्या प्रायमरमध्येही शेंदूर सर्रास असे. म्हणून घासायचं ते ओलं करूनच. कोरडं घासणं, वायरचा ब्रश ड्रिलला लावून उडवणं, ब्लोलॅम्पनं जाळणं यातलं काही नको. निघालेला गाळ कागदात गोळा करून घ्या, लहान मुलांना तिथं फिरकू देऊ नका. पुतण्याला रंगवायला बोलवा, घासायला नको.

तुमच्या डी टाइपपुरतं बोलायचं तर इंग्लंडातल्या डर्सली गावच्या लिस्टर कारखान्यानं हे मॉडेल 1926 मध्ये आणलं. जाणकार त्याच्यासाठी बहुतेक वेळा सांगतात तो रंग ‘मिड ब्रन्सविक ग्रीन’. तुमच्या खड्ड्यात हिरवं निघालं तर डोळे झाकून तिथून सुरुवात करा. नाहीच निघालं, तर घाईनं निष्कर्ष काढू नका. लष्करासाठी घेतलेल्या इंजिनांना लष्करी रंग असायचा, आणि दुसऱ्या एखाद्या यंत्राला जोडून विकलेलं इंजिन त्या यंत्राच्या रंगात मिळालं तरी नवल नाही.

‘बॉटल ग्रीन मारा’ हा सल्ला मात्र सोडून द्या. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण बॉटल ग्रीन हा रंग नसून नुसता शब्द आहे. प्रत्येक कंपनीची बाटली वेगळी. ब्रन्सविक हेही जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहराचं इंग्रजी नाव. तिथला मूळ हिरवा तांब्याच्या क्षारापासून बनायचा, पुढं निळा-पिवळा मिसळून केलेल्या हिरव्यालाही तेच नाव चिकटलं. म्हणून नावाबरोबर नंबर मागायचा. ब्रिटिश स्टँडर्ड 381सी या रंगतक्त्यामध्ये 225 म्हणजे लाइट, 226 मिड आणि 227 डीप ब्रन्सविक ग्रीन. जर्मनीचा आरएएल हा रंगतक्ता 1927 साली 40 छटांपासून सुरू झाला, त्यात बॉटल ग्रीन 6007 आहे. तो 226 शेजारी धरून बघा, दोन्ही हिरवे आहेत एवढंच साम्य. दुकानदाराला ‘226 द्या’ म्हटलं की वाद संपतो.

एका कंपनीचा एकच रंग असतो हाही गैरसमज आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ट्रॅक्टर लाल म्हणून ओळखले जातात, पण 1936 च्या अखेरीपर्यंत ते राखाडी रंगात निघत होते. तुमच्यासारख्या स्थिर (एका जागी ठेवून चालवायच्या) इंजिनांत याहून गमतीचं उदाहरण आहे. अमेरिकेत इव्हान्सव्हिलच्या हर्क्युलिस कारखान्यात एकाच घडणीचं इंजिन दोन नावांनी बाहेर पडायचं. ‘हर्क्युलिस’ म्हणून जाणारं हिरवं, आणि सिअर्स रोबक या विक्री कंपनीसाठी ‘इकॉनॉमी’ म्हणून बनवलेलं लाल. लोखंड तेच, पण नेमप्लेट बदलली की रंग बदलला. त्यामुळे कोणी दुसऱ्याच्या इंजिनाचा फोटो दाखवून ‘हाच रंग’ म्हणालं, तर आधी प्लेट आणि साल विचारा.

रंग ठरला की लगेच इंजिनावर जाऊ नका. वीतभर पत्र्यावर प्रायमरसकट दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या, मग सावलीतल्या दिवसाच्या उजेडात मूळ ठिपक्याशेजारी धरा. ट्यूबलाइटखाली जुळलेला हिरवा बाहेर अंगणात निळसर निघतो, हा अनुभव मी एकदा नाही, तीनदा घेतलाय. शिवाय लहान तुकड्यावर बरा वाटणारा रंग मोठ्या पृष्ठावर भडक वाटतो. शंका आली तर किंचित गडदकडे झुका. तो पत्रा मागं नंबर, कंपनी, तारीख लिहून जपून ठेवा. पुढं कधी ओरखडा भरायचा झाला तर डब्यातला रंग सुकलेला असतो, पत्रा असतो.

प्रत्यक्ष रंगकामाचं फार लांबवत नाही. साधं तैल इनॅमल, चांगल्या ब्रशनं, पातळ दोन हात. अर्धा लिटर पुरून उरतं. कारखान्यात ही इंजिनं आरशासारखी नव्हती, त्यामुळे गाड्यांचा टू-पॅक (दोन भाग मिसळून वापरायचा रंग) मारून काचेसारखी चमक आणली की इंजिन प्लॅस्टिकचं वाटायला लागतं. (त्यातल्या आयसोसायनेटच्या वाफा छातीला घातक, हे वेगळंच.) हॉपरमधलं पाणी उकळतं, म्हणजे तिथं शंभर अंशांचा हिशेब धरा, इनॅमल तेवढं निभावून नेतं. सायलेन्सरवर मात्र उष्णता सोसणारा काळाच लागतो, नाहीतर पहिल्याच तासात फोड येतात. जोडाचे घासलेले पृष्ठभाग, गव्हर्नरच्या (वेग आवरणाऱ्या भागाच्या) काड्या, तेलाची कुपी, पितळी प्लेट, प्लगचं पांढरं चिनी मातीचं अंग यांना रंग लागता कामा नये. आणि रंग दिल्यावर निदान दोन-तीन आठवडे पेट्रोल ओतू नका. वरून वाळलेलं इनॅमल आतून कच्चं असतं. एक थेंब ओघळला की रेघ पडते.

अर्थात चंदेरी थर काढल्यावर खाली निम्म्याहून जास्त मूळ हिरवा शाबूत निघाला, तर मी असतो तर रंगवलंच नसतं. तेलाचं फडकं फिरवून तसंच ठेवलं असतं. पण ते तुमचं तुम्ही ठरवा. घरच्यांना ते ‘अर्धवट सोडलेलं काम’ वाटतं, याची तयारी ठेवा.

आता ‘सुलतान’. इंजिनाला नाव द्यायची रीत जुनी आणि चांगली आहे. बोल्टन आणि वॅट यांचं 1777 चं वाफेचं इंजिन आजही ‘ओल्ड बेस’ म्हणून ओळखलं जातं. लंडनच्या क्रॉसनेस पंपिंग स्टेशनची 1865 ची चारही इंजिनं राजघराण्याच्या नावांची: व्हिक्टोरिया, प्रिन्स कॉन्सर्ट, अल्बर्ट एडवर्ड, अलेक्झांड्रा. लँकशायरच्या कापड गिरण्यांत दोन बाजूंच्या इंजिनांना जोडीनं नावं असायची. विगनच्या ट्रेंचरफील्ड मिलमध्ये रीना आणि हेलन आहेत. बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमधलं इंजिन आधी ‘प्रूडन्स’ होतं, पहिलं महायुद्ध संपल्यावर त्याचं ‘पीस’ झालं.

तुमच्या-माझ्यासारख्यांच्या छोट्या इंजिनांना कारखाना असं नाव देत नसे, पण मॉडेलची नावं बघा. अमेरिकेतल्या असोसिएटेड कंपनीचं पावणेदोन अश्वशक्तीचं इंजिन ‘चोअर बॉय’ आणि सव्वादोनचं ‘हायर्ड मॅन’. आपल्या भाषेत पोरगा आणि गडी! शेतकऱ्याला त्यांनी यंत्र विकलं नाही, मजुरीवर माणूस ठेवून दिला. मला हे ‘सुलतान’पेक्षा जास्त पटतं, कारण दीड अश्वशक्तीचा प्राणी हुकूम सोडत नाही, पाणी ओढतो.

माझ्या एका इंजिनाचं नाव मी सुरुवातीला ‘तुफान’ ठेवलं होतं. पहिल्याच प्रदर्शनात चाळीस मिनिटं हँडल मारलं, चार माणसं थकली, तुफान काही आलं नाही. एक आजोबा समोर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “नाव बदला, कुंभकर्ण ठेवा.” तेव्हापासून ते कुंभकर्णच. एकदा जागा झाला की दिवसभर खातो आणि कुरकुर करत नाही. म्हणून माझा सल्ला असा की एक हंगाम चालवा. ते कसं उठतं, गार सकाळी कसं खोकतं, लोड आला की काय करतं ते बघा. नाव आपोआप तोंडात बसेल. ‘सुलतान’ टिकलं तर टिकलं.

फक्त हॉपरवर रंगवू नका. ट्रॉलीच्या लाकडी चौकटीला छोटी पाटी दोन स्क्रूंनी लावा, पुतण्याला त्यावर हवं ते लिहू द्या. बिडात भोक पाडायचं नाही. बिडातच ओतलेली उठावाची अक्षरं असतील आणि ती वेगळ्या रंगात खुलवायचा मोह झाला, तर ब्रशनं कडा भरत बसू नका. सपाट लाकडी ठोकळ्याला कापड ताणून गुंडाळा, त्याला अगदी थोडा रंग चोळा आणि अक्षरांवरून एकदाच फिरवा. फक्त वरचे माथे रंगतात, कडा स्वच्छ राहतात. कारखान्यात तसं केलेलं असेलच असं नाही, पण रॉकेलच्या फडक्यानं ओलं असतानाच पुसता येतं.

आधी मॅग्नेटोखालची जागा उघडा आणि तिथला फोटो टाका. दुपारच्या सावलीत, शेजारी पांढरा कोरा कागद ठेवून, फ्लॅश न मारता. कागद पांढरा दिसला तरच हिरव्यावर बोलता येईल.