दोघांच्या घरात किराण्याला किती?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या गावात आम्ही दोघेच राहतो. किराणा, दूध, भाजी व मासळी मिळून महिन्याला 9,000 रुपये होतात; मे महिन्यात 13,000 झाले. यजमानांना ही उधळपट्टी वाटते. इतर जोडपी किती खर्च करतात?

उत्तर : ताई, केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी 4,122 रुपये असून त्यातील सुमारे 47 टक्के खाण्यापिण्यावर जातो. म्हणजे दोघांचे साधारण 3,900 रुपये. शहरी सरासरीने सुमारे 5,550. मात्र या सरासरीत मुलाबाळांची मोठी कुटुंबेही आहेत, मोफत मिळालेले रेशन या आकड्यात धरलेले नाही आणि भाव त्यानंतर वाढलेले आहेत. त्यामुळे तुमचा आकडा जास्त असला, तरी त्याला उधळपट्टी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मे महिन्याचा हिशेब तर वेगळाच मांडायला हवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून आपल्याकडे आगोटीलाच, म्हणजे पावसाळा तोंडावर आला की, सुकट, सुके बोंबील, आमसुले, तांदूळ आणि वर्षाचा मसाला भरून ठेवतात. हा 1 महिन्याचा खर्च नव्हेच. बेगमीची रक्कम ती पुरेल तितक्या महिन्यांवर वाटून वहीत लिहा आणि साबण-पावडर वेगळ्या रकान्यात टाका. मासळीचाही रकाना स्वतंत्र ठेवा, कारण सुरमई आणि बांगडा यांच्या भावातील फरकच बहुधा महिन्याचा आकडा ठरवतो. असा 3 महिन्यांचा हिशेब यजमानांसोबत बसूनच करा.