नमाज, रोजा आणि जकात नाका

प्रश्न असा : ‘नमाज, रोजा हे शब्द अरबी असतील, तर मूळ कुराणात ते का दिसत नाहीत? आणि रोज्याला उपवास म्हटलं तर चालतं का?’

दिसत नाहीत, कारण दोन्ही शब्द फारसी आहेत. कुराणात आहेत ते ‘सलात’ आणि ‘सौम’. इराणी लोक मुसलमान झाले तेव्हा घरातल्या नेहमीच्या आचारांना त्यांनी घरचेच शब्द ठेवले, आणि पुढे फारसीबरोबर ते आपल्याकडे आले. ‘नमाज’ म्हणजे मुळात वाकून केलेलं वंदन; आपल्या ‘नमस्’चा तो सख्खा भाऊ. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलेलं पाहिलं की ‘नमणे’ आठवतंच. ‘रोजा’ तर आपल्या तोंडी रोज असतो. रोजनिशी, रोजंदारी, रोजमेळ यांतला ‘रोज’ म्हणजे दिवस. दिवसभर पाळायचा तो रोजा.

कलमा, नमाज, रोजा, जकात, हज या इस्लामच्या पाच स्तंभांतले बाकीचे तीन शब्द मात्र अरबीच राहिले. त्यातल्या ‘जकात’चं मराठीत काय झालं बघा! मूळ अर्थ शुद्धी, वाढ. वर्षभर शिल्लक राहिलेली बचत ठरावीक मर्यादेपुढे गेली की तिच्यातला अडीच टक्के वाटा गरजूंसाठी काढायचा. आपल्याकडे तोच शब्द मालावरचा कर झाला आणि २०१७ साली जीएसटी येईपर्यंत मुंबईच्या वेशीवर ट्रक अडवत राहिला. मुस्लिम शेजारी ‘जकात काढली’ म्हणतात तेव्हा हा नाका डोक्यातून काढून टाकावा.

आता उपवास. इंडोनेशियात रोज्याला ‘पुआसा’ म्हणतात, तो ‘उपवास’च आहे. म्हणजे शब्द चुकीचा नाही. पण मराठी कानाला उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दुपारचा चहा दिसतो. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटही नसतो. आपल्या निर्जळी एकादशीशी तुलना जास्त जुळते. लहानपणी शेजारच्या खाला हातात खजूर धरून बसायच्या, डोळे घड्याळाकडे नाही, कान अजानकडे. त्या बसण्याला ‘उपवास’ हा शब्द अपुरा पडतो असं मला वाटतं.

म्हणून मी ‘रोजा’च लिहितो. क्रियापद मात्र आपलं : उर्दूत रोजा ‘खोलतात’, मराठीत उपासासारखाच रोजाही ‘सोडतात’.