आकडा चढला, पण कशामुळे?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाच्या डोक्याला अपघातात जबर मार लागला. नऊ दिवस तो आयसीयूत बेशुद्ध होता. डोक्यातून एक बारीक नळी काढलेली, आणि मॉनिटरवर ‘आयसीपी’ म्हणून आकडा. १२, १४, मध्येच २६! तो चढला की माझ्या पोटात गोळा यायचा. एकदा सिस्टरनी दादाची मान फक्त सरळ केली आणि आकडा १५वर आला. दर तासाला त्या एक तोटी फिरवून मगच आकडा लिहायच्या, तेही कळलं नाही. दादा आता बरा आहे. तो आकडा नेमका काय सांगत होता?

उत्तर : दादा बरा आहे हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. २६ वाचलं आणि माझी नजर सवयीने समोरच्या भिंतीवर मॉनिटर शोधू लागली.

आयसीपी म्हणजे कवटीच्या आतला दाब. मोठ्या माणसाची कवटी म्हणजे बंद डबा. आत मेंदू, त्याच्याभोवतीचं साधारण दीडशे मिली पाणी आणि रक्त. एकाने पाय पसरले की दुसऱ्याने अंग चोरायचं. या हिशेबाला मन्रो आणि केली या दोन स्कॉटिश डॉक्टरांचं नाव आहे. मेंदू सुजला की आधी पाणी कण्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर ढकललं जातं आणि आकडा ढिम्म राहतो. ही सोय संपली की मग चमचाभर सूजही त्याला उसळवते. मान वळली तर मानेतली मोठी शीर दबते, डोक्यातलं रक्त खाली उतरायचं अडतं. सिस्टरनी तेवढंच मोकळं केलं.

आडव्या झोपलेल्या मोठ्या माणसात हा दाब ७ ते १५ असतो, बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. २२च्या वर टिकून राहिला तर उपचार, असं ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनची २०१६ची नियमावली सांगते. यात ‘टिकून’ महत्त्वाचं. खोकल्याने तर तुमचा-माझाही क्षणभर चढतो. आम्ही मनात सतत एक वजाबाकी करत असतो : सरासरी बीपीतून हा आकडा वजा. उरतो तो मेंदूत रक्त ढकलणारा जोर, तो ६० ते ७०च्या आसपास हवा. बीपी ८५ आणि आत २६ म्हणजे ५९. मग बसवत नाही.

आता माझी फजिती सांगतो. शिकाऊ होतो, रात्रीचे पावणेतीन. एका पेशंटचा आकडा ३१. मी मॅनिटॉल, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारं औषध, लावायला सांगून मोकळा! रात्रपाळीच्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, आधी लेव्हल बघा.” एक्स-रेसाठी पलंग वर घेतला होता आणि दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर स्टँडवर जुन्याच उंचीला राहिला होता. तो कानाच्या छिद्राच्या रेषेत लागतो. दहा सेंटिमीटर खाली राहिला की आकडा सातने फुगतो, आणि हा तर चांगला वीतभर खाली होता. वर सरकवला. १५. मॅनिटॉल परत कपाटात गेलं, आणि त्यानंतर मी आकड्याआधी नळीकडे बघायला शिकलो.

खरी माहिती मॉनिटरवर धावणाऱ्या दाबाच्या रेषेच्या आकारात असते. प्रत्येक ठोक्याला तिच्यावर तीन चिमुकली शिखरं उमटतात. एरवी पहिलं उंच, पुढची दोन पायरी-पायरीने उतरती. आतली जागा संपत आली की दुसरं शिखर पहिल्याच्या वर डोकं काढतं, पुष्कळदा आकडा चढायच्या आधीच. क्षणभराच्या २६पेक्षा असं शिखर असलेला १८ मला जास्त छळतो. स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी तासन् तास सलग नोंदी घेऊन १९६०मध्ये दाखवलं, की दाब अचानक ५०च्या वर जाऊन पाच ते वीस मिनिटं पठारासारखा तिथेच बसू शकतो. तासाला एकदा आकडा टिपणाऱ्याच्या हातून हे सहज निसटतं. आता काही ठिकाणी संगणक बीपी आणि आयसीपी यांचे संथ चढउतार ताडून बघतो. दोन्ही हातात हात घालून चढू लागले, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांनी स्वतःला आवळायचं सोडलंय, त्या नुसत्या नळ्या झाल्यात.

पण यंत्राची फार भक्तीही नको. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या ३२४ पेशंटांचा अभ्यास २०१२मध्ये छापून आला. एका गटावर या आकड्यावरून उपचार, दुसऱ्यावर तपासणी आणि स्कॅन बघून. सहा महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच. मी त्यातून नळी सोडून द्यायला शिकलो नाही, डोळ्यांच्या बाहुल्या बघणं सोडायचं नाही एवढं शिकलो.

राहिली तोटी. दादाची नळी जास्तीचं पाणी बाहेरही सोडत होती. ती वाहती असताना मोजलेला दाब खरा नसतो. म्हणून सिस्टर वाहणं बंद करून, रेषा स्थिरावू देऊन आकडा लिहायच्या आणि तोटी पुन्हा उघडायच्या. ती उघडायला विसरलं, तर मात्र आकडा खरंच चढतो.