ऑर्ग मोडमधून सूत्रं असलेला एचटीएमएल मेल पाठवताना एरर येतात, काय करावं?

तुमची तक्रार अशी, की इमॅक्स या एडिटरच्या ऑर्ग मोडमध्ये (म्हणजे त्याच्या टिपणं लिहायच्या सोयीत) लिहिलेला गणिताचा मजकूर ऑर्ग-माइम या पॅकेजने एचटीएमएल मेल करून पाठवताना कधी 'वॉझन्ट प्रोड्यूस्ड' म्हणून काम अडतं, तर कधी मेल जातो पण समोरच्याला सूत्राच्या जागी लेटेकचा, म्हणजे सूत्रं जिच्यात लिहितात त्या भाषेचा, कच्चा कोड दिसतो.

कच्च्या कोडचं आधी सांगतो, ते सोपं आहे. ऑर्गचा एचटीएमएल एक्स्पोर्ट सूत्रं मॅथजॅक्सच्या भरवशावर सोडतो. मॅथजॅक्स म्हणजे ब्राउझरमध्ये सूत्रं मांडणारी जावास्क्रिप्ट, आणि जीमेल काय, आउटलुक काय, मेलमधली जावास्क्रिप्ट कुणीच चालू देत नाही. ऑर्ग-माइमच्या एक्स्पोर्ट पर्यायांत विथ-लेटेकपुढे डीव्हीआयपीएनजी (लेटेकच्या डीव्हीआय फाइलचं चित्र करणारा प्रोग्राम) द्या, म्हणजे प्रत्येक सूत्राचं पीएनजी चित्र बनून मेलमध्येच जोडलं जाईल. एसव्हीजी या दुसऱ्या चित्रप्रकाराच्या नादी लागू नका. ब्राउझरमध्ये देखणं दिसतं, जीमेलमध्ये गायब.

आता अडण्याबद्दल. इमॅक्समध्ये 'ऑर्ग प्रीव्ह्यू लेटेक आउटपुट' नावाचा बफर (इमॅक्समधलं मजकुराचं पान) उघडा आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिलीच ओळ वाचा. त्याखालच्या बहुतेक एरर तिचीच पिल्लं असतात. मॅकवर टर्मिनलमध्ये लेटेक चालतं आणि इमॅक्समधून सापडत नाही, असं असेल तर गडबड पाथची, म्हणजे प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीची, आहे.

खरं सांगू का, अडलं तर बरंच म्हणायचं. मला भीती न अडणाऱ्या एररची वाटते. मी अकरावी-बारावीच्या मुलांना सरावाचे प्रश्न मेल करतो. एकदा |क्ष − २| < ५ सोडवायला दिलं. एका मुलीने उत्तर लिहिलं, क्ष ७ पेक्षा लहान. −३ ची खालची मर्यादा नाही म्हणून मी गुण कापले. तिने तोच मेल मला उलट पाठवला. त्यात उभ्या रेषाच नव्हत्या! क्ष − २ < ५, बस. तिचं उत्तर शंभर टक्के बरोबर.

झालं असं, की केवल मूल्यासाठी मी 'एबीएस' ही आज्ञा वापरली होती आणि ती जिथे मिळते ते लेटेकचं जोड-पॅकेज घेतलंच नव्हतं. ऑर्ग लेटेकला 'नॉनस्टॉपमोड'मध्ये चालवतो, म्हणजे अनोळखी आज्ञा दिसली की ती गाळायची आणि पुढे जायचं. चित्र तयार होतं, चुकीचं. म्हणून ऑर्ग-प्रीव्ह्यू-लेटेक-प्रोसेस-अलिस्ट या सेटिंगमध्ये डीव्हीआयपीएनजीच्या लेटेक आज्ञेला 'हॉल्ट-ऑन-एरर' जोडा. मग पहिल्याच चुकीला चित्र बनणं थांबतं आणि ऑर्ग बोंब मारतो. एक मात्र लक्षात ठेवा, आधीची सदोष चित्रं एलटीएक्सआयएमजी फोल्डरमध्ये पडून असतात आणि सूत्र तेच असेल तर ऑर्ग तीच पुन्हा उचलतो. तो फोल्डर एकदा उडवा.

आपल्या मराठी मंडळींची आणखी एक खास एरर आहे, 'युनिकोड कॅरॅक्टर नॉट सेट अप'. सूत्राच्या आत 'वेग', 'अंतर' असे देवनागरी शब्द टाकले की साधं लेटेक अडखळतं. झीलेटेक या युनिकोड समजणाऱ्या लेटेकने जमवता येतं, पण त्याच्या फाइलपुढे डीव्हीआयपीएनजी हात टेकतं आणि मग इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रामकडे जावं लागतं. मी तो व्याप करत नाही. सूत्रात 'व', 'अ' अशी एकेकटी देवनागरी अक्षरंसुद्धा नकोत, रोमन अक्षरं ठेवायची आणि त्यांचा अर्थ खालच्या ओळीत मराठीत लिहायचा.

चित्रांची पार्श्वभूमी पारदर्शक न ठेवता पांढरी करा. फोन डार्क मोडवर असला की काळ्यावर काळं सूत्र कुणाला दिसणार? मी तर हल्ली प्रत्येक मेल आधी स्वतःलाच पाठवतो आणि फोनवर उघडून रेषा मोजतो.