ठिपक्यामागे धावणारे डोळे

"मॅडम, माझे डोळे अडखळतात. म्हणजे मलाही दादासारखंच होणार ना?" बसता बसताच त्याने विचारलं.

वय २५. मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) हा पहिल्यापासून एकलकोंडा. अनोळखी लोक हसले की आपल्यालाच हसले असं वाटायचं, गाड्यांच्या नंबरांत काहीतरी संकेत दिसायचा. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे डोळे हलणाऱ्या वस्तूचा नीट पाठलाग करू शकत नाहीत, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून रोज रात्री दोन वाजता मोबाइलवर पळणारा ठिपका बघत तो स्वतःच्या डोळ्यांचं चित्रीकरण करत होता.

पहिल्या भेटीत मी घाईने म्हणाले, "असं काही नसतं." ती माझी चूक होती, कारण तसं असतं, आणि ते त्याला माहीत होतं. तो गप्प झाला. पुढच्या भेटीत मी नीट सुरुवात केली.

रुग्णांच्या नजरेतली ही अडखळ १९०८ मध्येच नोंदवली गेली होती. १९७० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप होल्झमन यांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा ती रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांपैकीही बऱ्याच जणांत सापडली. हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यातही आहेच!" मी म्हटलं, "असेलही. पण त्या नातेवाइकांतल्या बहुतेकांना आजार झालाच नाही, हेही त्यातच आलं." अशी खूण घराण्यात फिरू शकते, पण तिच्यावरून उद्याचं भविष्य सांगता येत नाही. भावंडाला स्किझोफ्रेनिया असेल, तर धोका शंभरात साधारण नऊ जणांना असतो. एरवी तो शंभरात एकाच्या आसपास. धोका वाढतो, हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. पण उरलेले नव्वदहून अधिक जण त्याने मोजलेच नव्हते.

मग एक प्रयोग केला. "समोरच्या कोऱ्या भिंतीवरून नजर सावकाश, एकसारखी सरकव." त्याचे डोळे टप्पे घेत गेले. मग मी करून दाखवलं, तो माझे डोळे बघत होता. माझेही तसेच! पाठलाग करायला काही हलतं नसेल, तर जवळजवळ कुणालाच नजर अशी सरकवता येत नाही. ठिपका फार वेगाने पळाला, तरी डोळे मागे पडतात आणि उडी मारून त्याला गाठतात. त्याच्या मोबाइलवरचा ठिपका चांगलाच वेगात होता. शिवाय वेळ रात्री दोनची, झोप अपुरी. थकव्याने कुणाचीही नजर ढिली पडते.

दुसरी चाचणी असते उलट बघण्याची: उजवीकडे दिवा लागला की डावीकडे बघायचं. डोळे आधी दिव्याकडेच ओढले जातात, त्यांना आवरायचं काम मेंदूच्या पुढच्या भागाचं. निरोगी माणसंही यात साधारण पाचातून एकदा चुकतात. याच्यासारखा स्वभाव असणाऱ्यांच्या चुका काही अभ्यासांत सरासरीने थोड्या जास्त दिसतात, पण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका माणसाच्या चुकांवरून तो कुठल्या गटातला हे सांगता येत नाही. म्हणूनच मनोविकारतज्ज्ञ डोळे बघून निदान करत नाहीत.

त्यांना दुसऱ्याच गोष्टी विचारायच्या असतात. मीही त्याच विचारल्या. एकटा असताना आवाज येतात का? नाही. काम, अंघोळ, जेवण सुटलंय का? नाही. नंबरांतल्या संकेतांवर पूर्ण विश्वास बसतो का? थोडा विचार करून तो म्हणाला, "वाटतं खरं. पण नंतर कळतं, मीच जोडतोय." मला सगळ्यात जास्त दिलासा या वाक्याने दिला. 'मीच जोडतोय' ही जाणीव मावळली, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, असं आम्ही ठरवलं. गांजा कधीमधी ओढायचा, तो मात्र मी ठामपणे बंद करायला सांगितला. अशा घराण्यात त्याने धोका खरोखर वाढतो. मनोविकारतज्ज्ञांनी त्याला एकदा तपासलं, औषध दिलं नाही, तीन महिन्यांनी बोलावलं.

पाचव्या भेटीत वेगळंच निघालं. डोळे कुणाच्या लक्षात येऊ नयेत म्हणून तो सहा महिने दादाच्या नजरेला नजर देतच नव्हता. दादाने एकदा आईला विचारलं होतं, "तो मला घाबरतो का गं?" हे सांगताना तो रडला. त्या दिवशी आम्ही ठिपक्याबद्दल बोललोच नाही. दादाला हे कसं सांगायचं, तेवढंच बोललो.