तफावत, फौत आणि 'वर्णद्वेष'

'स्ट्रक्चरल रेसिझम'ला संरचनात्मक वर्णद्वेष म्हणायचं का आणि कोरोनाकाळातल्या 'हेल्थ इनइक्विटीज'ला, म्हणजे समाजगटांच्या आरोग्यातल्या अन्याय्य फरकांना, मराठीत काय म्हणायचं, असा प्रश्न आलाय.

पहिल्याचं उत्तर, नाही. अमेरिकेच्या प्रत्येक बातमीत हा वर्णद्वेष ऐकून वैताग आलाय. अहो, द्वेष माणसाच्या मनात असतो, इथे कुणी द्वेष न करताही माणसं मरतात हाच तर मुद्दा आहे! पल्स ऑक्सिमीटर घ्या, बोटातून प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजतो, पण गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलं की ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्राला न कळण्याचं प्रमाण काळ्या पेशंटांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. यंत्राला कसला आलाय द्वेष? व्यवस्थेत मुरलेला 'वंशभेद' म्हणा.

आता दुसऱ्याचं उत्तर, माझा लाडका शब्द, तफावत. मूळ अरबी, धातू फ-व-त, म्हणजे निसटणं, हुकणं, वेळ टळून जाणं. त्यातून 'तफावुत', दोन गोष्टी एकमेकींपासून लांब लांब सुटत जाणं. आणि त्याच धातूचा सख्खा भाऊ म्हणजे 'फौत', जुन्या दप्तरांत 'खातेदार फौत' असतं ना, तोच, मयत! माझ्या मते या साथीसाठी यापेक्षा नेमका शब्द नाही, कारण यंत्राकडून घसरण निसटते, ऑक्सिजन लावायची वेळ टळते आणि माणूस फौत होतो, सगळं एका धातूत. एप्रिल 2020 च्या सुरुवातीला शिकागोत कोरोनाने गेलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के काळे होते, शहराच्या लोकसंख्येत मात्र 30 टक्क्यांच्या आसपास. 2021 मध्ये अमेरिकेतल्या मूलनिवासींचं सरासरी आयुर्मान प्राथमिक अंदाजानुसार 65.2 वर्षं, गोऱ्यांचं 76.4. ही तफावत.

भाषाशुद्धीवाले म्हणणार परका शब्द कशाला, 'अंतर' वापरा. अंतर दोन गावांतही असतं, त्यात कुणाचं काही हुकत नाही. 'विषमता'वर अडून बसणाऱ्या अभ्यासकांशीही माझं पटत नाही, वि अधिक सम, बस, 3 आणि 5 पण विषमच, त्यात अन्याय कुठे दिसतो? आणि 'त्यांची जनुकंच वेगळी' म्हणून 'भिन्नता' लिहिणाऱ्यांची तर चीडच येते, घरी बसून करता न येणारी कामं आणि विमा नसणं हे काय जनुकांत असतं?

ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी 1990 च्या सुमारास इनइक्विटीची व्याख्या केली ती अशी, की फरक अनावश्यक, टाळता येण्यासारखा आणि वर अन्याय्य. म्हणून 'आरोग्यातली अन्याय्य तफावत' लिहा.