दुसरं गाणं कुठाय?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा गाळताना वाचला. चहा गार झाला, काकूने परत गरम केला, तोही गार झाला. एवढा मोठा मेसेज, त्यात पाच वेळा 'काका, करारावर सही करू का, कॉलेज सोडू का, काय करू?' आणि बाकी सगळे तुझ्या त्या क्लिपचे आकडे. किती व्ह्यूज, किती फॉलोअर्स, कुणाकुणाने शेअर केलं. आजीवरच्या त्या गाण्याबद्दल एक ओळ नाही. म्हणून फोनवर अंगठे न बडवता कागद घेऊन बसलोय. सातवीपर्यंत साताऱ्यात शिकलीस, तेव्हा मराठी वाचायला अडणार नाही. आईला दाखवायचं तर खुशाल दाखव. मी तिच्या बाजूने बोलणार नाहीये, आणि तुझ्याही नाही.

अभिनंदन राहू दे. ते चौदा लाख लोकांनी केलंय.

मला एवढंच सांग, दुसरं गाणं कुठाय?

रागावू नकोस. ती क्लिप मी निदान दहा वेळा ऐकली आहे. नॅशव्हिलजवळच्या मर्फ्रीसबरोतल्या त्या खोलीतलं स्वयंपाकघर, तू उलट्या बादलीवर बसलेली, मागे फ्रिजची घरघर. आजीचा पहाटे फोन येतो, तिकडे दुपार झालेली असते, ती विचारते जेवलीस का, आणि इथे अमेरिकेत अजून उजाडलेलंही नसतं. साडेदहा तासांचं अंतर तू चार ओळींत बसवलंस. तिसऱ्या ओळीला आवाज जो किंचित मागे ओढलास, तो कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. ऐकताना मला माझी आई आठवली आणि मी गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. झालं, एवढं कौतुक पुरे.

पण त्यानंतर तू काय केलंस? तोच मुखडा परत टाकलास. मग टोपी घालून. मग गाडीत. मग कंबरलंड नदीच्या काठावर, पायात ते नवे बूट. नऊ वेळा, मी मोजलंय. शिळ्या कढीला किती ऊत आणशील? आणि ती टोपी कुणी दिली तुला? साताऱ्याच्या मुलीने आजीवर गाणं लिहिलं म्हणून लोक थांबले, टोपी बघून नाही थांबले.

तू त्या वॉलमार्टमधल्या पोराचं उदाहरण दिलंस. मेसन रॅमसी. २०१८ चा मार्च, इलिनॉयमधल्या हॅरिसबर्गचं वॉलमार्ट, अकरा वर्षांचा मुलगा दुकानात उभा राहून कंट्री गायक हँक विल्यम्सचं जुनं गाणं गातोय. महिन्याभरात तो ग्रँड ओल ऑप्रीच्या, म्हणजे कंट्री गाण्याच्या पंढरीच्या, मंचावर होता, रेकॉर्ड कंपनीचा करारही झाला. 'बघा काका, महिन्याभरात!' असं लिहिलंयस तू. पुढचं का नाही लिहिलं? त्याचा पहिला पूर्ण अल्बम २०२४ मध्ये आला. सहा वर्षांनी. मधल्या काळात तो सँडविचच्या दुकानात कामाला लागल्याचं त्याने स्वतःच व्हिडिओ टाकून सांगितलं होतं. मला त्या मुलाचं कौतुक त्या वॉलमार्टसाठी नाही, त्या दुकानासाठी आणि त्यानंतरच्या अल्बमसाठी आहे. ज्या क्लिपने तो जगाला माहीत झाला ते गाणं त्याचं नव्हतंच, १९४९ साली गाजलेलं होतं. स्वतःची गाणी त्याला नंतर शोधावी लागली, आणि तीही आख्खं जग बघत असताना.

आता दुसरं टोक बघ. कंट्री गायक झॅक ब्रायन. ओक्लाहोमातल्या ऊलोगाह नावाच्या छोट्या गावातला, नौदलात नोकरी. २०१९ च्या सुमारास त्याच्या गाण्यांचे व्हिडिओ फिरायला लागले. बराकीबाहेर घामाने निथळत गिटार बडवतोय, फोनवर कुणीतरी शूट करतंय. पहिला अल्बम मित्रांबरोबर फ्लोरिडात भाड्याच्या घरात रेकॉर्ड केला, त्याला वारलेल्या आईचं नाव दिलं. मोठ्या कंपनीकडून पहिला अल्बम २०२२ मध्ये आला तेव्हा त्यात किती गाणी होती माहीत आहे? ३४. चौतीस, पोरी! लोक म्हणतात तो सोशल मीडियाने वर आला. अरे, सोशल मीडियाने दार उघडलं असेल, पण आत पोतंभर गाणी भरलेली होती म्हणून ती बाहेर सांडली.

ऑलिव्हर अँथनीचं तर तू नाव घेतेस आणि अर्थ उलटा लावतेस. २०२३ चा ऑगस्ट, व्हर्जिनियातला दाढीवाला माणूस, हातात रेझोनेटर गिटार, मागे झाडं आणि पायाशी कुत्री. एका व्हिडिओवर थेट बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये, म्हणजे इथल्या गाण्यांच्या क्रमवारीत, पहिला. त्याआधी कुठल्याच चार्टवर नाव नसताना असं कुणाचं झालं नव्हतं. त्या गाण्याच्या राजकारणाबद्दल माझं मत वेगळं आहे, ते शनिवारी जेवताना बोलू. पण लोकांनी नंतर काय केलं ते लक्षात घे. आणखी काय आहे म्हणून त्यांनी शोधलं, तर त्याने आधी फोनवर रेकॉर्ड करून टाकलेली गाणी निघाली. ती पण त्यांनी उचलली. ऐंशी लाख डॉलरच्या ऑफर मी झटकून टाकतो आणि लोक माझ्याकडे बघत राहतात, असं त्याने तेव्हा लिहिलं होतं. झटकणं परवडतं कुणाला? ज्याच्याकडे दुसरं गाणं आहे त्याला.

तुझ्याकडे उद्या कुणी असं शोधायला आलं तर काय सापडेल? तोच मुखडा, नऊ टोप्यांत. बरं, आठ. एकात टोपी नव्हती.

आता माझं सांगतो. थोडं तुझ्या बाबांकडून ऐकलं असशील, पण त्यांचं ऐकीव.

मी १९९७ ला या नॅशव्हिल गावात आलो तो एका हॉस्पिटल कंपनीच्या पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहायला. गिटार पुण्यात कॉलेजात शिकलो होतो, तेवढीच. सोमवारी रात्री ब्लूबर्ड कॅफेत कुणीही जाऊन गाऊ शकतं असं ऑफिसात कळलं. हिल्सबरो पाइकवर दुकानांच्या एका रांगेत चिणलेली ती जागा, नव्वद खुर्च्या जेमतेम. मी एखादा जंगी हॉल असेल म्हणून दोनदा समोरून पुढे गेलो. आत गाणं चालू असताना कुणी कुजबुजलं तर लोक शू: करतात. आपल्याकडे बैठकीत करतात तसं. मला वाटलं, हे आपलं गाव.

एक गाणं लिहिलं. मनमाडचं रेल्वे क्वार्टर, वडिलांची रात्रपाळी, इंजिनाच्या शिट्टीवरून आई ओळखायची गाडी किती उशिरा आहे ते. या लोकांना रेल्वेची गाणी फार आवडतात, मलाही आवडतात, आमचं जमलं. गाण्यांच्या एका प्रकाशन संस्थेने ते गाणं 'होल्ड'वर घेतलं. म्हणजे एका मोठ्या गायकासाठी राखून ठेवलं, तोवर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. पैसे नाहीत, कागद नाही, नुसता शब्द. चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत मी काय केलं असेल? तेच गाणं घासलं. अंतऱ्यातला एक शब्द बदलायचा, परत ठेवायचा. जिथे जाईन तिथे तेच गायचं. एक पिकलेल्या केसांची गीतकार बाई होती, भलतीच तिखट. तिने तिसऱ्यांदा ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, आणखी काय आहे? मी म्हटलं, याच्या अंतऱ्याची नवी चाल ऐकवू? ती काही बोलली नाही. गिटारची केस बंद केली, दोन्ही खटके लावले आणि पार्किंगकडे निघाली. ते खटके अजून ऐकू येतात मला.

गाणं कुणीच रेकॉर्ड केलं नाही. पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा की ते परत आलं तेव्हा माझ्या खिशात दुसरं नव्हतं.

तुझे बाबा म्हणतात, यांनी हार मानली आणि नोकरी धरली. हार कसली? मुलगा झाला होता, विमा ऑफिसातून होता, व्हिसा ऑफिसातून होता. एच-वनवर गिटार वाजवून पोट भरता येत नाही, कायद्यानेच नाही. त्यात मी पुढची अठरा वर्षं रॉयल्टीचे हिशेब बघण्याच्या कामात काढली, म्हणजे गाण्याच्याच घरात होतो, फक्त मागच्या दाराशी. काकू हे वाचताना मान हलवतेय. हलवू दे. तिला माहीत आहे, मी दर वर्षी म्हणायचो, एकदा घराचे हप्ते फिटू दे. हप्ते २०१६ ला फिटले.

असो. हिशेबाचं बोललो आहे तर करारावर येतो, कारण तुझा खरा जीव तिथे अडकलाय.

रेकॉर्ड कंपनीच्या त्या माणसाने पाठवलेला कराराचा मसुदा मी वाचला. तो देतोय ती रक्कम बक्षीस नाही, उचल आहे. ऊसतोड कामगाराला मुकादम देतो ना, त्या जातीची. तुझ्या गाण्याच्या कमाईतून आधी ती फिटणार, तिच्यात स्टुडिओचा खर्च, व्हिडिओचा खर्च, कदाचित त्या टोपीचाही. मग तुझ्या हाती काही पडलं तर पडेल. वर तुझ्या कार्यक्रमांतला, टी-शर्ट विक्रीतलाही वाटा मागितलाय. आणि सातव्या पानावर गीतकार म्हणून तुझा जो प्रकाशनहक्क आहे तोही अर्धा मागितलाय, त्याचे वेगळे पैसे नाहीत. इथल्या कायद्यात देऊन टाकलेला हक्क परत मागता येतो, पण पस्तीस वर्षांनी, तोही वेळेत नोटीस दिली तर. तू तेव्हा छप्पन वर्षांची असशील. वकील स्वतःचा कर, त्यांनी सुचवलेला नको. मर्फ्रीसबरोच्या तुझ्याच विभागात विचार, नवशिक्यांना परवडणारे कुणी ना कुणी माहीत असतात.

'आत्ता नाही केलं तर लोक विसरतील' असं लिहिलंयस. विसरतील! विसरू देत. कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सने सुरुवातीला श्रोते जमवले ते व्हाइन नावाच्या ॲपवर, सहा-सहा सेकंदांचे तुकडे टाकून. व्हाइन २०१७ च्या जानेवारीत बंद पडलं, तो अजून स्टेडियम भरतोय. आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक एका रात्रीत गेलं, तेव्हा गावोगावची किती पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हलवून बघत होती. इथेही २०२४ च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीचं आणि टिकटॉकचं भांडण झालं आणि व्हिडिओंमधली गाणी मुकी झाली, तीन महिने. जमीन दुसऱ्याची आहे गं. तिच्यावर मांडव घाल, घर बांधू नकोस.

त्या कॉमेंट्स. 'ही कुठली?', 'परत जा'. त्या तू मला स्क्रीनशॉट काढून पाठवल्यास, म्हणजे लागल्यात. खोटं सांगत नाही, मलाही लागल्या. कंट्री गायक चार्ली प्राइड मिसिसिपीचा, कापूस वेचणाऱ्या घरातला, काळा. १९६६ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड रेडिओ केंद्रांना फोटोशिवाय पाठवली होती. आधी आवाज कानात जाऊ दे, चेहरा मग, असा हिशेब. तुझ्या वेळी उलटं झालंय, चेहरा आधी आणि गाणं चाळीस सेकंद. त्या माणसाने मग काय केलं? वाद घातला? गात राहिला. तीसच्या घरात गाणी पहिल्या नंबरावर नेली.

माझं पालुपद तुला एव्हाना पाठ झालं असेल. परत म्हणतो. दुसरं गाणं कुठाय?

विषय नाही म्हणू नकोस. कॉलेज सुटल्यावर तू ज्या भाजी-किराण्याच्या दुकानात शेल्फ लावतेस तिथल्या त्या म्हाताऱ्या कॅशियरचं मला दिवाळीत अर्धा तास सांगत होतीस. बाबांनी गाडी शिकवताना जी भांडणं झाली ती आहेत. आईने इथे आल्यावर पहिला हिवाळा घराबाहेर न पडता काढला, ते तू कधी कुणाला सांगितलं नसशील. आणि वाईट झालं तरी चालेल. दुसरं गाणं वाईटच होतं. त्याशिवाय तिसरं येत नाही. इथे लोक या गावाला दहा वर्षांचं गाव म्हणतात, जम बसायला तेवढी लागतात म्हणून. तू नऊ दिवसांत थकलीस.

कॉलेज सोडायचं का, त्याचं उत्तर मी देणार नाही. मी नोकरी धरलेला माणूस, माझा सल्ला कुठल्या बाजूने येणार ते तुलाही माहीत आहे. सही महिनाभर लांबव. त्यांना खरंच तू हवी असशील तर थांबतील. महिन्यात चार गाणी लिही. मग आपण दोघं त्या सातव्या पानाकडे बघू.

एक गोष्ट राहिली. माझ्याकडे १९९८ चा एक पिवळा पडलेला कागद आहे, माझ्या त्या गाण्याचा. इथले वादक कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची, नावं लिहीत नाहीत, आकडे लिहितात: १, ४, ५. म्हणजे गाणं कुठल्याही पट्टीत नेलं तरी कागद तोच. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो होतो. अरे, हे तर सा, म, प! ऑर्केस्ट्रातल्या एकालाही मनमाड कुठे आहे माहीत नव्हतं आणि पाचव्या मिनिटाला ते माझ्या वडिलांची रात्रपाळी वाजवत होते. त्या कागदाच्या पाठीमागे मी गेल्या महिन्यात काहीतरी खरडलंय. मुखडा आहे, अंतरा अडलाय. काकूशिवाय कुणाला ऐकवलेलं नाही.

शनिवारी चारला ये. थालीपीठ आहे. गिटार आण, तुझं जे काही अर्धंमुर्धं असेल ते आण. आजीचं गाणं वाजवायला लागलीस तर मी उठून भांडी घासायला जाईन, आधीच सांगून ठेवतो. आणि गिटारची पट्टी बदलायचा तो चिमटा, कॅपो, विसरू नकोस, माझ्याची स्प्रिंग तुटलीय.

तुझा,
काका